निळूभाऊ आधी पाय ऐकतात

भाड्याने खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतो? नाव विचारतो, गाव विचारतो, नोकरी कुठे, घरात माणसं किती, पाणी किती लागतं, असलं काहीबाही विचारतो. निळूभाऊंनी मला यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. बनारसच्या दूधविनायक गल्लीत पाचदा चुकून, घामाघूम होऊन मी त्यांचं दार ठोठावलं. चाळिशी उलटलेल्या, झुपकेदार मिशांच्या एका गृहस्थांनी दार उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "ताई, जरा त्या तुळशीपर्यंत चालून दाखवा. आणि वापस या."

मी सांगलीची. डोळे मिटून बाईमाणसाला चालायला लावणाऱ्या माणसाचे डोळे उघडायची आमच्याकडे वेगळी पद्धत आहे. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू होऊन मला आठच दिवस झाले होते, राहायला जागा नव्हती आणि मराठी बोलणारं घर मिळत होतं. तेव्हा चालले. तणतणत चालले, तुळशीला वळसा घालून तणतणत परत आले. गृहस्थांनी डोळे उघडले.

"टाच आधी पडते," ते म्हणाले. "रागीट चाल आहे. पण दोन्ही पाय बराबर पडतात. मतलब, भांडाल तर तोंडावर भांडाल, पाठीमागे नाही बोलणार. वरची खोली तुमची."

माझं नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. निळूभाऊ म्हणजे नीलकंठ टोकेकर. आमच्या गल्लीतल्या चार मराठी घरांत निळूभाऊ आणि बाकीच्या बनारसला नीलू गुरू. त्यांचा धंदा असा की, फॅशन शोमध्ये पोरी साड्या नेसून, लेहंगे घालून चालतात ना, त्या चालण्याला लागणारा आवाज हे तयार करतात. मी हे फोन स्पीकरवर ठेवून आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे लाउडस्पीकरवाला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण निळूभाऊ दारातच उभे होते. पण ते खूश झाले. म्हणाले, "आई एकदम बरोबर बोलल्या. सुरुवात तीच आहे."

आणि ती खरंच तीच होती. सतरा-अठराव्या वर्षी ते एका मंडपवाल्याकडे लग्नात माइक धरायला लागले. मग एका हॉटेलात साड्यांचं प्रदर्शन होतं, तिथे गाणी लावायला माणूस हवा होता. मालकाने सिनेमातली झगमगीत गाणी काढून दिली होती. निळूभाऊंनी बघितलं, तर जड जरीच्या साड्या नेसलेल्या पोरी त्या गाण्यामागे फरफटत होत्या. त्यांनी सरळ गाणं बंद केलं. दोन मिनिटं नुसती पावलं आणि रेशमाची सळसळ. मालक धावत आला, पण गिऱ्हाइकं गप्प बसून बघत होती. त्या दोन मिनिटांत मी पोटाला लागलो, असं निळूभाऊ सांगतात. पुढे दिल्ली झाली, जयपूर झालं, मुंबई झाली. मोठमोठे लोक त्यांना विमानाने बोलावून घेतात. विमानातही ते हवाई सुंदरीला चालताना ऐकतात आणि उतरताना तिला सांगतात की, उजवा बूट अर्धा नंबर मोठा आहे, बदलून घ्या.

त्यांचं एक वाक्य आहे: "गाणं नंतर, आधी पाय." दुसरे लोक गाणं ठरवतात आणि पोरींना त्यावर चालायला लावतात. हे आधी पोरींना बिनगाण्याचं चालवतात. स्वतः पालथे पडतात आणि ज्या फळ्यांवरून त्या चालणार, त्या फळ्यांना कान लावतात. कडक इस्त्रीचे व्यवस्थापक येतात आणि बघतात, तर रॅम्पच्या शेजारी एक मिशाळ इसम जमिनीला चिकटलेला. एका ठिकाणी तर डॉक्टरला बोलावलं होतं. मग उठून वहीत मांडतात: सहावारीत पाऊल वीतभर आखूड होतं, पदर जड असला की डावा पाय अंमळ उशिरा येतो, लेहंगा वळताना अर्धी मात्रा जास्त मागतो. हे सगळं झालं की मग आवाज. त्यात हातमागाचा ठोका असतो, वल्ह्याचं पाणी असतं, अडकित्त्याची कटकट असते. एकदा माझ्या ग्रंथालयातली जुनी, जाड वही बंद केल्याचाही आवाज होता. आणि या सगळ्याच्या मधे भरपूर काहीच नसतं. "मी आवाज लावत नाही, ताई. मी जागा सोडतो. कापडालाही बोलायचं असतं."

एका बड्या बाई आल्या होत्या दिल्लीहून. त्यांना 'बनारस' पाहिजे होतं. घंटा पाहिजेत, शंख पाहिजेत, पाठीमागे श्लोक पाहिजेत. निळूभाऊंनी त्यांना पान दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, घंटी बजती है तो आदमी रुकता है, हाथ जोड़ता है. फिर आपकी लड़कियाँ चलेंगी कैसे?" बाईंनी पान खाल्लं आणि यादीतल्या घंटा स्वतःच खोडल्या. 

उंच टाचेच्या सँडलांचा त्यांच्याकडे एक थैला आहे, त्यांच्या स्वतःच्या मापाचा. पोरींना जे घालायचं, ते आधी आपण घालून बघायचं, हा त्यांचा नेम. सकाळी सातला गच्चीवर लुंगी, बंडी, मिशा आणि चार बोटं टाच, अशा थाटात ते फेऱ्या मारतात. समोरच्या गच्चीवरच्या पंडिताइनने पहिलं वर्ष नजर फिरवून काढलं. दुसऱ्या वर्षी तिने हाक मारून सांगितलं, "गुरू, पीछे वाला पट्टा कस लीजिए, नहीं तो गिर जाइएगा." निळूभाऊंनी पट्टा आवळला आणि तिचे आभार मानले.

लग्न झालं नाही. एकदा मुलगी बघायला गेले होते. चालून दाखवायला सांगायची जुनी पद्धत आता कोणी पाळत नाही, यांनी नेमकी तीच पाळली आणि वर डोळे मिटून घेतले. मुलगी हुशार होती. ती आईला म्हणाली, "हे मला बघायला आलेत की झोपायला?" तिथेच फिसकटलं. "चाल चांगली होती तिची," एवढंच निळूभाऊ सांगतात.

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडे येते. कुठलाही शो झाला की हा माणूस दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारतो: "चूक काढा." लोक म्हणतात, बहुत बढ़िया, गुरू, मज़ा आ गया. यांचा चेहरा पडतो. कोणी हार घातला तर जेवत नाहीत. मी एकदा सहज म्हटलं की, शेवट जरा रेंगाळला बुवा, तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात मलइयोचे दोन कुल्हड हजर. बनारसची ती थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई सकाळी रांग लावून आणावी लागते. मला वाटलं, हा कौतुकाला कंटाळलेल्या माणसाचा माज आहे. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. ते नुसते हसले.

मग मकबूल चाचांचा प्रकार घडला. चाचा रामनगरचे विणकर, सत्तरीला आलेले. एका शोमध्ये निळूभाऊंनी हातमागाचा खराखुरा आवाज वापरला होता, आणि ज्यांच्या साड्या होत्या ते विणकर पहिल्या रांगेत बसवले होते. दिवे मंद झाले, पोरी निघाल्या, खट-खट, खट-खट सुरू झालं, आणि चाचा ताडकन उभे राहून ओरडले, "रोको! अरे रोको, तार टूट गया है!" सगळा हॉल हबकला. दोन पोरी एकमेकींवर आदळल्या. झालं होतं असं की, ज्या मागावर आवाज टिपला, तिथे त्या वेळी खरोखरच एक तार तुटलेली होती. विणणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत निळूभाऊंनी आवाज टिपून नेला होता. हजार माणसांत ते एका कानाला कळलं, आणि तो कान पन्नास वर्षांच्या सवयीने उठून उभा राहिला. आयोजक कपाळाला हात लावून बसले. निळूभाऊ मात्र यंत्रं सोडून धावत आले, चाचांच्या पाया पडले आणि त्यांना मिठी मारून रडले. चांगले हुंदके देऊन रडले. चाचा बिचारे घाबरून म्हणत होते, "अरे बेटा, मुझसे गलती हो गई." आणि हे म्हणत होते, "आपसे नहीं, मुझसे! मुझसे हुई!"

त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की, हा माज नाही, हे काहीतरी दुसरं आहे. ते काय आहे हे कळायला मला अण्णांकडे बघायला हवं होतं.

अण्णा म्हणजे निळूभाऊंचे वडील. वेदपाठी माणूस. वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत का होईना पण रोज पहाटे पाचला बालाजी घाटावर जाणार म्हणजे जाणार. अजून दोन-तीन जण त्यांच्याकडे संथा घ्यायला येतात, म्हणजे गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करायला. आणि अण्णा चुका काढतात. फक्त त्यांच्याच नव्हे, सगळ्या जगाच्या. दूधवाल्याचं माप धरायचं चुकतं, मी वात वळते ती सैल असते, पंडिताइनने दोरीवर साडी उलटी वाळत घातली आहे, पोस्टमनने सायकल उतारावर लावली आहे. एकदा रस्त्याने जाणाऱ्या वरातीतल्या बँडवाल्याला थांबवून त्यांनी सांगितलं होतं की, तुझा ढोल मागे पडतो आहे. मला तर पहिल्या आठवड्यातच त्यांनी अकरा चुका मोजून दिल्या. मी त्यातल्या नऊ मान्य केल्या.

फक्त एका माणसाची चूक ते काढत नसत. मुलाची. बाकी बोलणं-चालणं सगळं होतं. भाजी काय आणू, औषध घेतलं का, थंडी वाढली, सगळं. पण चूक नाही. गणपतीत निळूभाऊ शर्ट उलटा घालून आरतीला उभे राहायचे. अण्णा शेजारच्याला म्हणायचे, तुझं बटण तुटलं आहे. निळूभाऊ आरतीतलं एक अख्खं कडवं गाळायचे, अण्णा डोळे मिटून पुढचं कडवं धरायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, बाप असावा तर असा, पोराला कधी टोकत नाही! मीही एकदा गच्चीवर तेच म्हणाले. "किती भाग्यवान आहात, निळूभाऊ. आम्हाला अकरा आणि तुम्हाला शून्य."

निळूभाऊंच्या एका पायात सँडल होतं, दुसरं हातात. ते तसेच कठड्यावर बसले.

"ताई, सतरा वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "अण्णा मला तयार करत होते. महिन्याने विद्वानांपुढे परीक्षा होती. रोज सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. एक दिवस बाहेरून कोणीतरी पैंजण घालून गेलं आणि माझं मंत्र म्हणणं तिच्या पावलांत गेलं. तिच्याच लयीत. अण्णांनी थांबवलं, परत सुरू केलं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच पावलं, परत गेलो. तिसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, लक्ष कुठे आहे? मी खरं सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"की, तिच्या डाव्या पायातलं पैंजण ढिलं झालंय."

मला हसू आवरेना. निळूभाऊ हसले नाहीत.

"चौथ्या दिवसापासून त्यांनी माझी चूक काढायचं बंद केलं. मी घाबरलो. मुद्दाम चुकायला लागलो, की रागवावेत, ओरडावेत. मोठमोठ्या चुका केल्या. दहा दिवस. ते डोळे मिटून बसायचे. अकराव्या दिवशी मी उठलो तो मंडपवाल्याकडे गेलो. आमच्यात असं आहे, ताई, की गुरू ज्याला सोडतो, त्याची चूक काढत नाही. जो आपला असतो, त्यालाच टोकतात. मला सोडलंय त्यांनी. त्या दिवसापासून."

मग शर्टाचं आणि कडव्याचं मला उमगलं. ज्याला सगळी गल्ली विक्षिप्तपणा म्हणत होती, तो बापापुढे टाकलेला गळ होता. इतकी वर्षं रोज टाकलेला. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. मी म्हणाले, "सरळ जाऊन विचारत का नाही?" तर म्हणाले, "आणि ते हो म्हणाले तर?"

गेल्या माघात मकबूल चाचा आमच्या घरी आले. रामनगरच्या विणकरांनी आपापसांत ठरवलं होतं की, दुसऱ्यांच्या शोमध्ये पहिल्या रांगेत बसणं पुरे, आता आपल्या साड्यांचा शो आपणच करू. पोरी घरच्याच, कॉलेजात जाणाऱ्या. शेवटची साडी चाचांची स्वतःची, पाच महिने खपून विणलेली, आणि ती नेसणार त्यांची नात नाज़िया. आवाज नीलू गुरूंनी करायचा. निळूभाऊ तत्काळ हो म्हणाले, एका अटीवर. शो बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर व्हायला पाहिजे आणि त्याच्या तालमी तीन दिवस तिथेच, सकाळी सहाला. विणकर म्हणाले, दुपारी का नाही, ऊन असतं, पोरींना बरं पडेल. हे म्हणाले, नाही, सकाळी सहाला घाटाचा घुमारा वेगळा असतो.

घुमारा कसला डोंबलाचा! सकाळी सहाला अण्णा घाटावर तख्तावर बसून जप करत असतात, हे मला ठाऊक होतं. तिथून ते तास-दीड तास हलत नाहीत. कान मिटता येत नाहीत.

"चूक काढायला कोणीतरी हवं," असं म्हणून निळूभाऊंनी मलाही पहाटे ओढून नेलं. चढत्या उजेडात पायऱ्यांवर सहा पोरी शाली गुंडाळून कुडकुडत होत्या, चाचा चहा वाटत होते, आणि वीस हातांवर घाटावरच्या मोठ्या छत्रीखाली अण्णा, डोळे मिटलेले, हात जपमाळेच्या गोमुखीत. निळूभाऊंनी आदल्या दिवशी टेप लावून सगळ्या पायऱ्या मोजल्या होत्या. घाटाच्या पायऱ्या म्हणजे कोणाचा कोणाला मेळ नाही, तेव्हा प्रत्येक पायरीला किती वेळ लागेल ते वहीत मांडून त्याप्रमाणे मागाचे ठोके बसवले होते. मी बघते, तर बाराव्या पायरीला एकाच्या जागी दोन ठोके. इतकं ढळढळीत, की मलासुद्धा कळलं. नाज़िया तिथे अडखळली. वरती आधीही एकदा थोडी अडखळली होती, पण नवशिकी पोर, पाच महिन्यांच्या कष्टांची साडी अंगावर, कोण लक्ष देतो. निळूभाऊ यंत्राकडे बघतच नव्हते. ते छत्रीकडे बघत होते.

छत्रीखाली मणी सरकत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताळच सोडला. मधला सगळा तुकडा उलटा लावला आणि शेवटी असा काही ठोका टाकला की पायरीवर निजलेली बकरी उठून निघून गेली. चाचा धावत आले, "गुरू, ये क्या था? बर्तन गिरा क्या?" पोरी ओरडल्या, नावाडी ओरडले, एका पर्यटकानेही खुणेने सांगितलं की काहीतरी बिघडलंय. आयुष्यभर 'चूक काढा' म्हणणाऱ्या माणसाची चूक सगळ्या घाटाने एकमुखाने काढली, आणि तो उपाशी माणसासारखा एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. अण्णांनी पंचा गोळा केला, लोटा उचलला आणि रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी घरी निघून गेले.

त्या दिवशी दुपारी मी निळूभाऊंना फैलावर घेतलं. माझी चालच रागीट, तर बोलणं कसं असेल. म्हटलं, तुमचा बाप आणि तुम्ही काय ते बघून घ्या, पण त्या पोरीचा पाय मोडला तर? चाचांची साडी फाटली तर? त्या माणसाने विश्वासाने काम दिलंय आणि तुम्ही त्यावर गळ लावून बसलाय! त्यांनी वही पुढे ओढली. मग म्हणाले, "काढतो." आणि खरंच काढलं. सगळ्या मुद्दाम घातलेल्या चुका काढून टाकल्या. आशाही त्यांनी त्यांच्याबरोबर काढून टाकली असावी, कारण मला म्हणाले, "जाऊ द्या, ताई. दोनदा ऐकून नाही बोलले, मतलब उत्तर मिळालं."

तिसरा दिवस शोचाच. संध्याकाळी कार्यक्रम, सकाळी शेवटची तालीम. निळूभाऊ आज छत्रीकडे पाठ करून बसले. आवाज सुरू झाला आणि काय सांगू, सुरेख होता. ठोका, मग पाणी, मग नुसती सळसळ. नाज़िया वरून निघाली, भिंतीच्या कडेने, डाव्या हातात निऱ्या सावरत, आणि सातव्या पायरीवर अडखळली. भिंत धरून सावरली. परत वर गेली, परत सातवीवर तेच. तिसऱ्यांदाही. आता चुका नव्हत्या, तरी हे होत होतं. चाचा घाबरे झाले. निळूभाऊंनी वही बघितली, टेप घेऊन पायरी पुन्हा मोजली, डोकं खाजवलं. त्यांना काही कळेना. मी अकरा वर्षांत त्यांना इतकं गोंधळलेलं बघितलं नव्हतं.

"सातवीनंतर एक मात्रा खाल्लीस," मागून आवाज आला.

निळूभाऊ वळले. अण्णांनी डोळे उघडले होते.

"पायऱ्या मधून मोजल्यास. पोर भिंतीकडून उतरते आहे. भिंतीकडची सातवी दोन बोटं उंच आहे, खाली पाऊल पोचायला वेळ लागतो. सत्तर वर्षं उतरतो आहे मी तिथून. तू उतरायचास तेव्हा धावत उतरायचास, तुला कशी कळणार? एक मात्रा थांब तिथे."

निळूभाऊ टेप तिथेच टाकून छत्रीकडे आले. "अण्णा, तुम्ही चूक काढलीत."

"होती म्हणून काढली."

"काल होत्या, परवा होत्या. किती मोठ्या होत्या!"

"ऐकल्या. बहिरा नाही झालो अजून." अण्णांनी गोमुखी खाली ठेवली. "त्या मुद्दाम केल्या होत्यास. मुद्दाम केलेली चूक शिकवणाऱ्याने काढायची नसते, ती करणाऱ्याला माहीत असते. न कळलेली काढायची. तेव्हाही दहा दिवस मुद्दामच चुकत होतास. मी वाट बघत होतो, खरी कधी करतोस. तर तू उठूनच गेलास. मग शर्ट उलटा, आरती अर्धी. या वयात काय हे पोरखेळ!"

निळूभाऊ खाली बसले. पायरीवरच बसले. तार तुटली त्या शोमध्ये रडले होते तसे रडले नाहीत, नुसते बसून राहिले. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी गंगेकडे तोंड केलं. दोन माणसं एका घरात राहतात, एकमेकांना औषधं विचारतात, आणि तीस-पस्तीस वर्षं दोघंही वाट बघत असतात, तो म्हणतो याने मला सोडलं, हा म्हणतो तो उठून गेला. दोघांच्या डोक्यात एकेक टोला घालावा असं मला वाटत होतं.

"गुरू जी," वरून नाज़ियाने हाक मारली, "उतरूँ कि खड़ी रहूँ? ठंड लग रही है."

निळूभाऊ उठले. त्यांनी सातवीनंतर एक मात्रा सोडली. नाज़िया उतरली, सातवीवर पाय टेकला, क्षणभर थांबली, आणि साडीचा सगळा घोळ तिच्यामागून सळसळत खाली आला. तो आवाज तोवर कुठे लपला होता, देव जाणे. चाचांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"दहा वेळा," अण्णा म्हणाले. सुधारलेली चूक दहा वेळा म्हणायची, हा संथेचा नियम. नाज़ियाने मला विचारलं, "क्या बोल रहे हैं?" मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. पण चाचा कडक आवाजात म्हणाले, "उस्ताद ने कहा है तो दस बार उतरोगी." आणि ती बिचारी चाचांची पाच महिन्यांची साडी सावरत दहा वेळा उतरली. अण्णा बोटांच्या पेरांवर मोजत होते. निळूभाऊ ठोके देत होते आणि सतरा वर्षांच्या पोरासारखे दर वेळी वळून बघत होते, बरोबर आलं का म्हणून. आठव्यांदा त्यांनी अर्धी मात्रा घाई केली. अण्णांनी लगेच टोकलं. निळूभाऊंच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मला कुठल्याही हार-तुऱ्यानंतर दिसलेलं नव्हतं.

दहा झाली. अण्णांनी लोटा मुलाच्या हातात दिला आणि काठी टेकून उभे राहिले. "अजून तीन चुका आहेत," ते म्हणाले. "आज एवढी पुरे. उद्या पाचला ये माझ्याबरोबर."

शो त्याच संध्याकाळी होता. उद्या दुरुस्त करायला काहीच उरणार नव्हतं. मी ते सांगायला तोंड उघडलं होतं, कारण चूक दिसली की बोलायची सवय मलाही या घरानेच लावली आहे. पण निळूभाऊ म्हणाले, "येतो, अण्णा," आणि मी तोंड मिटलं.

संध्याकाळी शो उत्तम झाला. नाज़िया राणीसारखी उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चाचांना खांद्यावर घेतलं, आणि नीलू गुरूंना कोणीतरी हार घातला. त्या रात्री ते पोटभर जेवले, दोन पोळ्या मागून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली. जिन्यात काठीचा आवाज होता, आणि काठीच्या मागोमाग, तिच्याच वेगाने, एक एक पायरी थांबत उतरणारी दुसरी पावलं होती. टाच नव्हती, घाई नव्हती. मी दार बंद झाल्याचं ऐकलं आणि पांघरूण डोक्यावर ओढून पुन्हा झोपले.